सही करण्याआधी

हार्डवेअर वॉलेटमध्ये बिटकॉइन नसतात. पेन ड्राइव्हएवढं ते यंत्र हातात आलं की सगळी पुंजी आपल्या मुठीत आल्यासारखं वाटतं, आणि पुढचे बरेच घोळ या समजुतीतून होतात. बिटकॉइन म्हणजे जगभरच्या हजारो संगणकांवर एकसारख्या ठेवलेल्या वहीतली नोंद. अमुक पत्त्यावर अमुक रक्कम आहे, एवढंच त्या वहीला ठाऊक. ती रक्कम हलवायची तर त्या पत्त्याच्या प्रायव्हेट कीनं सही करावी लागते. सही खरी की खोटी हे गणितानं ठरतं. सही करणारा कोण, त्यानं राजीखुशीनं केली का, हे तिथे कुणी विचारत नाही. यंत्रात असते ती ही की. ती बाहेर न सोडता सही करून देणं, एवढंच यंत्राचं काम.

बाकीचा कारभार संगणकावरच्या सॉफ्टवेअरकडे असतो: शिल्लक दाखवणं, पैसे घ्यायला नवा पत्ता काढून देणं, फी ठरवणं, व्यवहाराचा मसुदा तयार करणं आणि सही झाल्यावर तो नेटवर्कवर सोडणं. प्रागच्या सातोशीलॅब्ज या कंपनीचं ट्रेझर हे यंत्र 2014 पासून बाजारात आहे आणि त्याच्या जोडीचं डेस्कटॉप सॉफ्टवेअर म्हणजे ट्रेझर सूट. पॅरिसच्या लेजर कंपनीचीही अशीच जोडी आहे. फक्त बिटकॉइन ठेवणारे बरेच जण स्पॅरो हे सॉफ्टवेअर वापरतात. ते दोन्ही यंत्रांशी बोलतं. या लेखात ट्रेझर सेफ 3 आणि सूट ही जोडी घेऊ. बटणांची नावं बदलतील, मूळ रीत सगळीकडे तीच.

या विभागणीच्या मुळाशी एक गृहीतक आहे: आपला संगणक आधीच कुणाच्या तरी ताब्यात गेलेला आहे असं समजून चालायचं. म्हणून यंत्राला स्वतःचा छोटा पडदा आणि स्वतःची बटणं दिलेली असतात. मोठ्या पडद्यावर दिसतं ती सोय. खरं काय ते लहान पडद्यावर.

सुरुवात सॉफ्टवेअर उतरवण्यापासून. सर्चमध्ये वर येणाऱ्या जाहिरातीवर क्लिक करू नका; कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करा. 2023 च्या नोव्हेंबरात खुद्द मायक्रोसॉफ्टच्या ॲप स्टोअरवर लेजरच्या नावाचं बनावट ॲप चढलं होतं आणि ते काढलं जाईपर्यंत लोकांचे लाखो डॉलर गेले होते. यंत्रही शक्यतो कंपनीकडून किंवा तिच्या अधिकृत विक्रेत्याकडून घ्यावं, कुणाचं वापरलेलं तर नकोच. ट्रेझर येतं ते फर्मवेअरशिवाय. सूट ते चढवतं आणि त्यावर कंपनीची सही आहे का, हे यंत्र स्वतः तपासतं. खोक्यात आधीच शब्द लिहिलेलं कार्ड निघालं, तर ते वॉलेट दुसऱ्या कुणाचं तरी आहे आणि तो तुम्ही पैसे भरायची वाट बघतोय.

आता ते शब्द. यंत्र एक भलीमोठी यादृच्छिक संख्या तयार करतं. ती माणसाला चुका न करता उतरवून घेता यावी म्हणून 2013 मध्ये एक पद्धत मांडली गेली. 2048 साध्या इंग्रजी शब्दांची एक ठरलेली यादी आहे आणि प्रत्येक शब्द त्या संख्येचे 11 बिट सांगतो. बारा शब्दांचे होतात 132 बिट: 128 खऱ्या संख्येचे, उरलेले 4 पडताळणीचे. त्यामुळे एखादा शब्द चुकीचा उतरवला तर बहुतेक वेळा यंत्रच सांगतं की ही ओळ जुळत नाही. बहुतेक वेळा म्हणजे सोळातल्या पंधरा वेळा. यादी अशी बेतलेली आहे की कुठल्याही दोन शब्दांची पहिली चार अक्षरं सारखी नाहीत, म्हणून अक्षर गिचमिड असलं तरी शब्द ओळखता येतो. चोवीस शब्दांचीही सोय असते. ट्रेझरची नवी यंत्रं वीस शब्दही देतात, पण ती पद्धत आणि यादी दोन्ही वेगळी, आणि प्रत्येक कंपनीच्या यंत्राला ती कळत नाही. पुढे कधी दुसरं यंत्र घ्यायची शक्यता असेल तर सुरुवातीलाच बारा किंवा चोवीस निवडलेले बरे.

या शब्दांतून सगळ्या की आणि सगळे पत्ते पुन्हा तयार होतात. यंत्र हरवलं, जळलं, कंपनी बुडाली तरी शब्द असले की पैसे आहेत. उलट, शब्द ज्याच्या हाती लागले त्याला तुमचं यंत्रही नको आणि पिनही नको. म्हणून ते कागदावर किंवा धातूच्या पट्टीवर. मोबाइलनं फोटो नाही, स्वतःला ईमेल नाही, व्हॉट्सॲपवर तर नाहीच नाही. शब्द लिहून झाले की सूटमध्ये बॅकअप तपासायची सोय आहे, ती पैसे टाकण्याआधी वापरावी. सेफ 3 वर शब्द यंत्राच्याच बटणांनी एकेक अक्षर निवडून भरायचे असतात. काम कंटाळवाणं आहे, पण लिहिताना झालेली चूक पकडायची हीच वेळ.

पिनचं थोडक्यात. पिन यंत्र चोरणाऱ्यासाठी असतो. ट्रेझर सोळा चुकीच्या प्रयत्नांनंतर स्वतःला पुसून टाकतं, लेजर तीनच प्रयत्नांनंतर. पुसलं गेलं तर शब्दांवरून पुन्हा उभं करायचं.

पैसे घेताना सूट एक पत्ता दाखवतं. बिटकॉइनचा हल्लीचा नेहमीचा पत्ता बीसी1क्यूनं सुरू होतो आणि 42 अक्षरांचा असतो. तो लगेच कॉपी करून, ज्या एक्स्चेंजवरून पैसे मागवायचे तिथे चिकटवू नका. पूर्ण पत्ता दाखवा म्हटलं की तोच पत्ता यंत्राच्या पडद्यावर उमटतो. दोन्ही शेजारी धरून चार-चार अक्षरांच्या गटांनी वाचायचे. संगणकात शिरलेला व्हायरस पडद्यावरचा पत्ता बदलू शकतो, कॉपी आणि पेस्टच्या मध्येही बदलू शकतो. म्हणून चिकटवल्यावर एकदा पुन्हा पाहायचं. सुरुवातीची आणि शेवटची चार अक्षरं पाहून समाधान मानणाऱ्यांसाठी चोरांनी टोकं जुळणारे पत्ते बनवायला घेतले आहेत, तेव्हा मधली अक्षरंही वाचा. पहिल्या खेपेला अगदी थोडी रक्कम मागवावी आणि ती आल्याचं दिसल्यावर उरलेली.

पाठवताना ही सगळी यंत्रणा कशी चालते ते नीट दिसतं. समजा, 0.005 बिटकॉइन पाठवायचेत. सूटमध्ये पत्ता आणि रक्कम भरली, फी निवडली. सूट तुमच्या आधीच्या जमेतून पुरेसे तुकडे उचलतं आणि मसुदा तयार करतं. बिटकॉइनमध्ये जमेचा तुकडा अर्धा खर्च करता येत नाही. 0.02 चा तुकडा असेल तर तो पुरता मोडतो: 0.005 समोरच्याला, फी व्यवहार वहीत चढवणाऱ्या खाणकामगाराला (मायनरला), उरलेले परत तुमच्याच नव्या पत्त्यावर. हा मसुदा यूएसबीतून यंत्राकडे जातो. यंत्र आधी समोरच्याचा पत्ता दाखवतं, मग रक्कम, मग फीसकट एकूण, आणि प्रत्येक वेळी बटण दाबायची वाट बघतं.

परत येणारे सुटे मात्र ते तुम्हाला दाखवत नाही, कारण तो पत्ता आपल्याच शब्दांतून निघाला आहे हे ते आतल्या आत ताडून पाहतं. सॉफ्टवेअरनं लबाडी करून तिथे चोराचा पत्ता घातला असेल, तर ताळा जमत नाही आणि यंत्र तोही अनोळखी पत्ता म्हणून समोर आणतं. अनपेक्षित दुसरा पत्ता दिसला की नकार द्यायचा आणि केबल काढायची. सगळं जुळलं तर यंत्र सही करतं. संगणकाकडे परत जाते ती सही; की आतच राहते. मग सूटमधून व्यवहार नेटवर्कवर सोडला जातो आणि ब्लॉकमध्ये पक्का झाला की मागे घेता येत नाही. तक्रार करायला शाखाच नाही.

हे बिटकॉइनचं. इथेरियमवरच्या स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमध्ये मात्र काही वेळा यंत्रालाच मजकूर उलगडत नाही आणि पडद्यावर नुसता हेक्स आकड्यांचा लांबलचक मारा येतो. तिथे बटण दाबणं म्हणजे कोऱ्या कागदावर सही. 21 फेब्रुवारी 2025 ला बायबिट एक्स्चेंजमधून सुमारे दीड अब्ज डॉलर गेले ते असेच. सही करणाऱ्यांकडे हार्डवेअर वॉलेटं होती, कीही चोरीला गेली नव्हती. चोरांनी व्यवहार मांडणाऱ्या वेबपानाचा कोड बदलला होता. मोठ्या पडद्यावर रोजचा व्यवहार दिसत होता आणि प्रत्यक्षात सही होत होती ती वॉलेटचा ताबा दुसऱ्याला देण्यावर. त्याआधी जुलै 2024 मध्ये मुंबईच्या वझीरएक्स या एक्स्चेंजचे 23 कोटी डॉलर गेले, तेव्हाही पडद्यावर एक दाखवलं आणि सही दुसऱ्यावर झाली, असंच कंपनीचं म्हणणं होतं. घरगुती वापराला यातून एक नियम निघतो: यंत्राच्या पडद्यावरचं वाचता येत नसेल तर सही नाही, मग समोरची संधी कितीही मोठी असो.

पासफ्रेज ही जादा सोय जपून वापरावी. शब्दांच्या जोडीला स्वतःच्या मनातला एक मजकूर घातला की संपूर्ण वेगळं वॉलेट उघडतं. गोम अशी की चुकीचा पासफ्रेज असा प्रकारच नसतो. एक स्पेस जास्त पडली तरी यंत्र कुरकुर न करता नवं, रिकामं वॉलेट उघडून देतं आणि शिल्लक शून्य पाहून माणसाचं धाबं दणाणतं. पासफ्रेज लिहून ठेवायचा, पण शब्दांच्या कागदावर नाही.

शब्द मागणारे मात्र सगळ्या वाटांनी येतात. 2020 मध्ये लेजरच्या सुमारे 2,72,000 ग्राहकांची नावं, पत्ते आणि फोन नंबर फुटले. पुढच्या वर्षी त्यातल्या काहींच्या घरी टपालानं नवंकोरं, पण बनावट यंत्र आलं, सोबत जुनं बदलून घ्या असं सांगणारं पत्र. शब्द यंत्रातच भरायचे, आणि ते यंत्र आपण स्वतः मागवलेलं असलं पाहिजे. फोनवर, फॉर्ममध्ये किंवा मदत करायला आलेल्या कुणालाही ते सांगायचे नाहीत.

कागदपत्रांचं एक काम उरतं. भारतात 2022 पासून क्रिप्टोच्या नफ्यावर 30 टक्के कर आहे, आणि वॉलेटमधून झालेल्या देवघेवीचा हिशेब तुमच्यासाठी कुणी ठेवत नाही. सूटमधून व्यवहारांची यादी सीएसव्ही किंवा पीडीएफमध्ये काढता येते. मार्चअखेरीला ती सीएकडे द्यावी. आणि बँकेच्या खात्याला नॉमिनी नेमता येतो तसा इथे येत नाही, म्हणून घरातल्या एकाला तरी तीन गोष्टी लिहून द्याव्यात: यंत्र कुठे आहे, शब्दांचा कागद कुठे आहे, आणि पासफ्रेज वापरला आहे की नाही. त्या चिठ्ठीत शब्द स्वतः लिहू नयेत.