दोघांच्या दोन गाड्या

माझ्यासारख्या कृषी खात्यातल्या माणसाने लिहायला घेतले की तुम्ही खोडव्याचे पाचट, हुमणी किंवा फार तर ठिबकची गाळणी अशा विषयाची अपेक्षा धरता. आज विषय निराळा आहे. नवरा-बायकोने आपापल्या गाडीवर बसून एकत्र प्रवास कसा करावा, हे सांगायचे आहे. हसू नका. आज तुमच्या गावात घरटी दोन गाड्या आहेत. लग्नाला, जत्रेला, लेकीच्या सासरी जाताना एक गाडी नवऱ्याकडे आणि एक बायकोकडे, असे चित्र मला रोज दिसते. त्यात एकाने जुनी गाडी देऊन मोठी, लांब पल्ल्याची गाडी घेतली, की दोघांचे गणित बिघडते. आमचे बिघडले होते, म्हणून लिहितो.

मी १९९३ साली कोल्हापूरच्या कृषी महाविद्यालयातून बी.एस्सी. झालो आणि पुढच्याच वर्षी नोकरीला लागलो. पहिली गाडी बजाजची एम-८०. तिच्यावर पुढे खताचे पोते, मागे मातीच्या नमुन्यांच्या पिशव्या, आणि १९९७ साली लग्न झाल्यावर मागे आमची मंडळी. पुढे शंभर सीसीची मोटारसायकल आली, तरी डबलसीट तीच राहिली. एकत्र कुटुंब, घरात चौदा माणसे, त्यामुळे नवरा-बायकोला बोलायला जागा म्हणून नव्हती. आमचे सगळे बोलणे गाडीवर झाले. मुलाला कुठल्या शाळेत घालायचे, बहिणीच्या लग्नाला किती द्यायचे, कूपनलिका मारायची की नाही, हे सगळे निर्णय कराड-मल्हारपेठ रस्त्यावर झालेले आहेत. वाऱ्यामुळे अर्धे ऐकू यायचे नाही, तेही एक बरेच असायचे.

घरी गाई वाढल्या आणि दूध संकलन केंद्रावर सकाळ-संध्याकाळ जाण्याचे काम हिच्याकडे आले. मी फिरतीवर. तेव्हा चाळिशीला टेकलेल्या हिने ११० सीसीची स्कूटर शिकून घेतली. सुनेने गाडी हाकायची म्हणून भावकीत थोडी कुजबूज झाली, पण आमच्या आईनेच "तिच्या पायाला दोन मैल चालून गोळे येतात, ते तुम्हाला दिसत नाहीत का?" असे विचारून सगळ्यांची तोंडे बंद केली. हिने परवानाही काढला. हे मुद्दाम सांगतो, कारण गावात पुष्कळ भगिनी परवान्याशिवाय गाडी चालवतात. गाडीचा विमा असला तरी चालवणाऱ्याकडे परवाना नसेल तर अपघातानंतर भरपाईचे काम अडते. आणि बिनगिअरच्या गाडीचा परवाना गिअरच्या गाडीला चालत नाही, तो वेगळा काढावा लागतो.

२०२१ साली मुलगा नोकरीला लागला. माझ्या मनात कॉलेजपासून मोठ्या फटफटीची हौस होती, ती मी पुरी केली. रॉयल एनफिल्डची साडेतीनशे सीसीची मिटिऑर घेतली. वजन १९१ किलो, टाकी १५ लिटरची. हिच्या स्कूटरचे वजन त्याच्या निम्म्याच्या थोडे वर, आणि टाकी पाच-साडेपाच लिटरची. हिने मागे बसून पाहिले. दोन-तीन वेळा बसली, आणि म्हणाली, "आता मला मागे बसायची सवय राहिली नाही. मी माझ्या गाडीवर येते." मला ते जरा लागले, पण वरकरणी हो म्हणालो.

हिची एकच इच्छा होती. लग्नाला पंचवीस वर्षे होत आली, कराडपासून समुद्र दीडशे किलोमीटरच्या आत, आणि तो आपण दोघांनी मिळून पाहिलेला नाही. तेव्हा २०२२ च्या जानेवारीत गुहागरला जायचे ठरले. पाटण, कोयना, कुंभार्ली घाट, चिपळूण आणि पुढे गुहागर. रस्ता सरळ आहे. गाईंची व्यवस्था जावेकडे लावून पहाटे निघालो.

आता माझी चूक सांगतो. नव्या गाडीवर ताशी साठ-पासष्टचा वेग म्हणजे बसल्या जागी पन्नासच्या खाली चालल्यासारखा वाटतो. आवाज संथ, धक्के कमी. मी रमलो. स्कूटरवर तोच वेग म्हणजे हँडल हातात थरथरते. दहा-बारा इंची चाक खड्ड्यात उतरते, तिथे माझे एकोणीस इंची चाक वरून निघून जाते. मला खड्डा दिसत नव्हता, तिला प्रत्येक खड्डा लागत होता. आणि नवरा पुढे दिसेनासा होतोय म्हणून ती मूठ पिळत मागे येत होती. पाटण सोडल्यावर मी आरशात पाहणेही सोडले. कोयनानगरच्या अलीकडे चहाच्या टपरीवर थांबलो, दोन चहा सांगितले. एक चहा निवला. दहा मिनिटे झाली, पंधरा झाली. फोनला रेंज नाही. गाडी वळवून मागे निघालो तेव्हा माझ्या पोटात काय होत होते, ते मी इथे लिहीत नाही.

सहा-सात किलोमीटर मागे, एका वळणावरच्या मोरीच्या कठड्यावर ती बसलेली होती. कडेला सांडलेल्या बारीक खडीवर ब्रेक दाबला गेला आणि स्कूटर आडवी झाली. कोपर आणि गुडघा सोलला होता, हेल्मेटच्या उजव्या बाजूला चरे पडले होते. ते चरे कानशिलावर आले असते. तिथल्या वस्तीवरची एक म्हातारी तिच्या कोपरावर तांब्याने पाणी ओतत होती. मला पाहून ती म्हातारी काही बोलली नाही. ही बोलली. "तुम्ही माझ्याबरोबर निघाला होता, की गाडीबरोबर?"

गुहागर राहिले. पाटणला मलमपट्टी करून आम्ही परत आलो. पुढचे काही महिने मोठी गाडी झाकून ठेवलेली होती आणि तिच्याविषयी घरात कोणी बोलत नव्हते.

मग दिवाळीच्या सुमारास हिनेच विषय काढला. "समुद्र तिथेच आहे ना? पण आता पुढे मी राहणार." एवढे बोलून ती धार काढायला गेली. मी विचार करू लागलो तेव्हा ध्यानात आले, की हे तर आपल्याला बैलजोडीने कधीच शिकवले आहे. एक बैल ताकदीचा आणि एक हलका असला, तर हलक्या बैलाच्या बाजूने आपण जू थोडे लांब ठेवतो, म्हणजे त्याच्यावर भार कमी येतो. जोडीची चाल हलक्या बैलाच्या चालीने ठरते. त्याला दामटले की तो बसतो आणि त्या दिवशीचे औत तिथेच थांबते.

तेव्हा पहिला नियम असा ठरला, की लहान गाडी पुढे आणि मोठी मागे. वेग पुढचीने ठरवायचा, मागच्याने कुरकूर करायची नाही. आमचा वेग पंचेचाळीस-पन्नासचा आहे. तुम्ही म्हणाल, मग मोठी गाडी कशाला घेतली? पण हिशेब पाहा. साठच्या वेगाने जाणाऱ्या गाडीला ब्रेक दाबल्यावर थांबायला चाळीसच्या वेगापेक्षा सव्वादोन पट अंतर लागते. वेग दीडपट, पण अंतर सव्वादोन पट. आणि दीडशे किलोमीटरच्या वाटेत वाचतो किती वेळ? वळणे, गावे, गतिरोधक धरून पाऊण तास फार झाला.

दोन गाड्या शेजारी-शेजारी चालवू नका. गप्पा मारत जोडीने चाललेल्या गाड्या मी रोज पाहतो आणि माझ्या छातीत धडकी भरते. अगदी मागोमागही नको. पुढची गाडी आपल्या बाजूच्या रस्त्याच्या उजव्या अंगाला, मागची डाव्या अंगाला, अशी तिरकी जोडी असावी. म्हणजे मागच्याला पुढचा रस्ता दिसतो आणि पुढचीला आरशात मागचा दिसतो. अंतर मोजायची सोपी रीत सांगतो. पुढच्या गाडीने एखादे झाड किंवा मैलाचा दगड ओलांडला, की मनात सावकाश आकडे मोजा. दोन म्हणून होईपर्यंत तुम्ही तिथे पोचता कामा नये. पंचेचाळीसच्या वेगाला हे अंतर पंचवीस मीटर भरते. पावसात आणि धुक्यात चार मोजा.

उसाच्या ट्रकला पुढचीने मागे टाकले म्हणून मागच्याने लगेच निघू नये. ज्याने त्याने आपापला रस्ता पाहून निघावे. पुढची पुढे जाऊन हळू होईल, नाहीतर थांबेल. हे ठरलेले असले की मागच्याच्या जिवाला घाई राहत नाही. बहुतेक चुका या घाईतच होतात. तसेच मागचा आरशात दिसेनासा झाला, की पुढचीने कडेला सुरक्षित जागा पाहून थांबायचे. फोन लावत बसायचे नाही, थांबायचे. आमच्या पहिल्या फेरीत मी एवढे केले असते तरी पुरे होते.

दिवेलागणीनंतर कारखाने चालू असलेल्या दिवसांत आम्ही रस्त्यावर राहत नाही. तुम्हाला कारण सांगायला नको. उसाची ट्रॉली कडेला उभी असते, मागे दिवा नाही, लाल चकाकणारी पट्टी नाही, आणि वाढे रस्त्यावर लोंबत असते. तुमच्याकडे ट्रॉली किंवा बैलगाडी असेल, तर या अंकाचे वाचन पुरे झाल्यावर आधी मागच्या बाजूला पट्टी लावून घ्या. तिला खर्च नगण्य आहे. ती कोणाचे कुंकू वाचवील ते सांगता येत नाही.

घाटाविषयी थोडे जास्त सांगतो. चढाला स्कूटर दमते, ते दिसते आणि आपण सांभाळून घेतो. खरा धोका उतरणीला आहे. गिअरच्या गाडीला आपण खालचा गिअर टाकून इंजिनाच्या जोरावर वेग रोखतो. स्कूटरला तशी सोय नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. सारखे दाबून धरलेले ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक धरत नाहीत. म्हणून कुंभार्ली घाट उतरताना आम्ही मध्ये एकदा पाच-दहा मिनिटे रुंद जागी थांबतो. खालची कोकणपट्टीही तेवढ्यात पाहून होते. आणि पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून गाडी उतरणीला सोडायची जी आपल्याकडची खोड आहे, ती सोडा. एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या लहान गाड्यांना एक ब्रेक दाबला की दोन्ही चाके धरणारी जोड असते आणि सव्वाशे सीसीच्या वरच्या गाड्यांना चाक जाम होऊ न देणारी एबीएसची सोय असते. पण खडीवर तिचाही भरवसा धरू नये. वळणाच्या आधीच वेग कमी करावा, वळणात ब्रेक दाबू नये.

सामान मोठ्या गाडीवर. स्कूटरच्या पुढच्या हुकाला जड पिशवी अडकवली की हँडल जड होते. पेट्रोल लहान टाकीच्या हिशेबाने भरायचे. माझी टाकी गुहागरला जाऊन येऊनही शिल्लक राहते, तरी चिपळूणला दोघेही पंपावर जातो. हवा निघण्याआधी, चाके थंड असताना पाहावी. हेल्मेट आय.एस.आय. खुणेचेच घ्या, आणि हनुवटीखालचा पट्टा लावा. पट्टा न लावलेले हेल्मेट माणसाच्या आधी रस्त्यावर जाऊन पडते. डबलसीट जाणाऱ्या भगिनींनी चाकावरचे साडीचे जाळीचे झाकण काढू देऊ नये. शोभेसाठी ते काढून टाकणारी तरुण पोरे मी पाहिली आहेत. कायद्याने ते गाडीला असलेच पाहिजे, मागे बसणाऱ्याचे हेल्मेटही तसेच. ही स्वतः लांबच्या वाटेला पंजाबी पोशाख घालते आणि ओढणी जॅकेटच्या आत घेते.

एक गोष्ट मात्र हातची गेली, आणि तिला उपाय सापडलेला नाही. गाडीवरचे बोलणे संपले. हल्ली हेल्मेटमध्ये यंत्र बसवून दोन गाड्यांवरून बोलणारी जोडपी आहेत. आम्ही ते घेतले नाही. त्याऐवजी दर तासाला थांबतो, पाणी पितो, आणि तासभराचे साठलेले बोलून घेतो. गंमत अशी, की आता ती रस्त्यावर पाहिलेले सांगते. कुणाच्या आडसाली उसात तुरे आले, कुठे कांदा उघड्यावर पडलाय, कुठल्या गोठ्याला हवा खेळायला खिडकी नाही. मागे बसलेली असताना तिला माझी पाठच दिसायची.

२०२३ च्या जानेवारीत आम्ही पुन्हा निघालो. त्या मोरीपाशी ती आपणहून थांबली. वस्तीवर जाऊन म्हातारीला घरच्या खव्याचे पेढे दिले. म्हातारीने माझ्याकडे पाहून "आज मागं हायसा व्हय?" एवढेच विचारले. दुपारी तीनला गुहागर गाठले. व्याडेश्वराचे दर्शन घेतले आणि सुरूच्या बनातून किनाऱ्याकडे गेलो.

तिथे मी माझी फटफटी मऊ वाळूत बाजूच्या स्टँडवर उभी केली. आम्ही पाण्यात घोट्याएवढे उभे होतो, तोवर मागे धाडकन आवाज झाला. स्टँड वाळूत रुतून १९१ किलोची गाडी आडवी झाली होती. उचलायला तीन कोळी बांधव आले. शेजारी हिची स्कूटर मधल्या स्टँडवर ताठ उभी होती. आता माझ्या पिशवीत स्टँडखाली ठेवायला एक वीतभर फळकुटी असते. ती हिनेच कापून दिली आहे.