प्रीक्वेल
प्रीक्वेल : पूर्वप्रसिद्ध कथाकृतीतील घटनांच्या आधीचा काळ चित्रित करणारी नंतरची कृती, पूर्वकथा. ‘अनुसरणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आलेल्या ‘सीक्वेल’ (उत्तरकथा) या इंग्रजी शब्दातील आद्याक्षराच्या जागी ‘प्री’ (पूर्व) हा उपसर्ग योजून ही संज्ञा बनली. अमेरिकन समीक्षक अँथनी बाउचर यांनी १९५८ मध्ये जेम्स ब्लिश यांच्या विज्ञानकादंबरीसंदर्भात ती वापरली. प्रकार मात्र संज्ञेहून प्राचीन असून, इलियडपूर्व घटना सांगणारे सिप्रिया हे लुप्त ग्रीक महाकाव्य त्याचे उदाहरण होय. पूर्वकथेचा शेवट वाचकास ज्ञात असल्याने कुतूहल घटनांऐवजी कारणांवर केंद्रित होते. जेन एअर (१८४७) मधील कोंडून ठेवलेल्या वेड्या पत्नीचे पूर्वायुष्य जीन ऱ्हिस यांनी वाइड सार्गासो सी (१९६६) मध्ये रंगविल्याने मूळ कादंबरीच्या नायकाकडे पाहण्याची दृष्टीच पालटते.