फितुरीचं पान

‘‘तेवढी ओळ सोडून वाचा की.’’

पंढरपूरजवळच्या करकंबला आमच्या ओसरीवर बसलेल्या एका गृहस्थांनी हे अगदी हळू सांगितलं. बाहेर त्यांचा मुलगा मोटारसायकलवर बसून फोनवर बोलत होता. त्याच्या कानावर जाऊ नये, एवढीच धडपड. ओळ साधी होती. त्यांच्या कुणा पूर्वजाचं, गावच्या पाटलाचं नाव आणि पुढे दोन शब्द : ‘फितव्यांत सामील’.

मोडी वाचणाऱ्यांना 2023 सालापासून बरे दिवस आलेत. त्याआधी मोडी येते असं सांगितलं की लोक ‘छान, वेळ जातो तुमचा’ म्हणून विषय बदलायचे. कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि माळ्यावरची गाठोडी खाली उतरली. पंढरपूर, माढा, माळशिरस, कुठूनही माणसं येतात. कुणाचे कागद खारव्याच्या रुमालात, कुणाचे खताच्या पिशवीत. कसर लागलेले, घडीवर तुटलेले. मोडीत शब्द तोडायची पद्धत नाही. बोरू शक्यतो उचलायचा नाही, ओळ गाडीसारखी पळत राहते. त्यामुळे पहिलं पान लागायला तास जातो. येणाऱ्याला हवा असतो ‘कुणबी’ हा एकच शब्द. तो सापडला की बाकीच्या कागदाशी त्याला घेणं नसतं. मला मात्र त्या बाकीच्याचाच नाद.

आणि त्या बाकीच्यात काय असतं? भांडणं. बांधाची, मानपानाची, पोळ्याला कुणाचा बैल पुढे याची. आणि फार वेळा, ‘हा शत्रूला मिळाला होता, सबब याचं वतन काढून आम्हांस द्यावं’ अशी तक्रार. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे हे त्या काळचे गावगाड्याचे आणि परगण्याचे अधिकारी. वसुली त्यांच्याकडे, शिबंदी त्यांच्याकडे, वर गावाची बातमीही त्यांच्याकडे. राजा बदलला की पहिला प्रश्न यांनाच : तुम्ही कुणाकडे?

या प्रश्नाचं सगळ्यांना पाठ असलेलं उत्तर 1659 चं आहे. अफजलखान तुळजापूर, पंढरपूर करत वाईकडे गेला, म्हणजे आमच्या उशाजवळूनच. तो निघायच्या सुमारास विजापूरच्या दरबारातून मावळच्या देशमुखांना फर्मानं सुटली. कान्होजी जेध्यांना आलेलं फर्मान 16 जून 1659 चं. मायना सरळ होता : खानाला मिळा, शिवाजीला साथ देणाऱ्यांना मारा, सरफराज व्हाल. कान्होजी जेधे कारीचे, खंडोजी खोपडे उत्रवळीचे. दोन्ही गावं आज भोर तालुक्यात, एकाच रोहिडखोऱ्यातली. शेजारी, आणि शेजाऱ्यांचं असतं तसं जुनं वाकडं.

खोपडे खानाकडे गेले. कान्होजी पाच मुलांना घेऊन शिवाजी महाराजांकडे गेले आणि फर्मान त्यांच्यापुढे ठेवलं. महाराजांनी त्यांना खानाकडे जायची मोकळीक दिली. तुमचा शेजारी गेला, तुम्ही न गेलात तर वतनाला धोका, जिवाला धोका, तेव्हा तुम्हीही जा. कान्होजींनी शपथ घेतली आणि वतनावर पाणी सोडलं. मग महाराज म्हणाले, बायकामुलं तळेगावला ढमढेऱ्यांकडे हलवा. प्रसंग सगळ्यांना माहीत असतो, हे शेवटचं वाक्य मात्र बहुतेक जण विसरतात. मला तेच सगळ्यांत खरं वाटतं. निष्ठा ठरली की आधी घरच्यांची सोय. नंतर बांदल, शिळीमकर, पासलकर, मारणे असे मावळचे देशमुख गोळा झाले.

10 नोव्हेंबर 1659 ला प्रतापगडाखाली काय झालं ते सांगायला नको. पडद्यामागचा भाग त्यानंतरचा. खंडोजी खोपडे रानात लपले. त्यांचे जावई हैबतराव शिळीमकर, ते महाराजांच्या बाजूचे. सासऱ्यासाठी जावयाने कान्होजींना गाठलं, कान्होजींनी महाराजांजवळ रदबदली केली. म्हणजे बघा, ज्याचं वतन खोपड्यांमुळे धोक्यात आलं होतं, तोच त्यांच्यासाठी शब्द टाकतो. सोयरीक नावाची गोष्ट आपल्याकडे राजकारणाच्या आधीची. जीव वाचला. पुढे मात्र महाराजांनी खंडोजींचा उजवा हात आणि डावा पाय तोडायला लावला. कान्होजी नाराज झाले, तेव्हा उत्तर मिळालं की तुमच्या भिडेखातर मारलं नाही. पण जो पाय गनिमाकडे चालत गेला आणि ज्या हाताने तलवार धरली, त्यांची शिक्षा झाली.

हे आपल्याला कशावरून कळतं? जेधे करीन्यावरून. करीना म्हणजे घराण्याची हकिकत, आणि ती लिहिली जाते हक्क शाबीत करायला. आम्ही अमुक लढाईत होतो, तमुक वेळी वतनावर पाणी सोडलं, सबब आमचं चालवावं. निष्ठेची गोष्ट हा त्या घराचा सातबाराच म्हणा ना. खोपड्यांच्या बाजूने कुणी करीना लिहिला असता, तर त्यात त्या दिवसांचं काय कारण दिलं असतं? विजापूरचा बादशहा हाच तोवर कायदेशीर धनी होता, दहा हजारांवर फौज दारात होती, आणि मी हुकूम पाळला, एवढं तर नक्कीच लिहिलं असतं. मी खोपड्यांची वकिली करत नाही. फक्त कागद कुणी, कशासाठी लिहिला हे आधी बघायची आम्हा मोडीवाल्यांना खोड असते.

अजून एक गंमत. ज्या फर्मानाला कान्होजींनी जुमानलं नाही, ते त्यांनी फाडून टाकलं नाही. नाहीतर त्याची तारीख, मायना आज आपल्यापर्यंत कशाला आला असता? खानाला न मिळालेल्या माणसाच्या घरात खानाला मिळण्याचा हुकूम जपून ठेवलेला! उद्या वेळ फिरली तर उपयोगी पडेल म्हणून, की आपण काय नाकारलं याचा पुरावा म्हणून? मला विचाराल तर दोन्हीसाठी. वतनदार कागद कधी फेकत नाही. याच जेध्यांच्या कारीच्या घरात पुढे शकावली, म्हणजे सालवार नोंदींची यादी, मिळाली. दयाजी सर्जेराव जेध्यांनी ती लोकमान्य टिळकांना दिली, टिळकांनी 1916 मध्ये छापली, आणि शिवजन्माच्या तिथीचा वाद पुन्हा पेटला तो तिच्यातल्या एका नोंदीवरून.

पण निष्ठावंताचं घर म्हणून जेध्यांवर कायमचा शिक्का बसला, असं समजू नका. त्याच घरातल्या सर्जेराव जेध्यांना 1685 च्या सुमारास संभाजी महाराजांनी धाडलेलं पत्र वाचा. स्वामींचं अन्न इतके दिवस खाल्लंत, वतनदाराने इमानाने वागायचं, ते सोडून कालपरवा आलेल्या मोगलांकडे जाऊन आपलं बरं करायला निघालात, तुमच्या भावानेही तेच केलं, असा झणझणीत मजकूर. त्यात हरामखोरी हा शब्दही आहे. आणि इतकं झाडून झाल्यावर शेवट काय? परत या, माफ करू.

औरंगजेब दख्खनेत उतरला होता. एका पिढीपूर्वी फितुरीला हातपाय गेले, आता फितुराला अभय मिळत होतं. राज्य भरात असताना शिक्षा परवडते, राज्य अडचणीत असताना माणसं गमावणं परवडत नाही. 22 मार्च 1690 ला राजाराम महाराजांनी जिंजीकडून बाजी सर्जेराव जेध्यांना लिहिलेलं पत्र तर सगळं समजुतीचं. इकडे फौज जमली आहे, तुम्हीही जमाव करून कामाला लागा. त्या पत्रात ‘हे मऱ्हाठे राज्य’ असे शब्द येतात. अभ्यासक त्यांचा मोठ्या अभिमानाने दाखला देतात. ते शब्द लिहावे लागले, पाच वर्षांपूर्वी ज्या घराला हरामखोरीचा शब्द गेला त्याच घराला. हे मला कुठल्याही अभिमानापेक्षा जास्त बोलकं वाटतं.

रामचंद्रपंत अमात्यांनी ही सगळी धामधूम जवळून पाहिलेली. त्यांच्या आज्ञापत्रात वतनदारांविषयीचा भाग आहे. मतलब असा की हे नावाला वतनदार, पण खरं म्हणजे राज्याचे वाटेकरी. परचक्र आलं की सर्वांच्या आधी जाऊन शत्रूशी सलोखा करतात, इकडची बातमी तिकडे पुरवतात. म्हणून यांना ना मोकळं सोडावं, ना दुखवावं. हा वैतागलेल्या अनुभवी कारभाऱ्याचा सूर आहे. आमच्याकडे निवडणुकीच्या आदल्या रात्री पॅनेलप्रमुख चहाच्या गाड्यावर ज्या सुरात बोलतो ना, तोच.

एवढ्यावरून कुणाला वाटेल, फितुरी हे आपलंच दुखणं. तसं अजिबात नाही. स्कॉटलंडमध्ये 17 सप्टेंबर 1745 ला एडिंबरो शहर बंडखोर राजपुत्र चार्ल्स स्ट्युअर्टच्या हातात गेलं. कसं? शहराची माणसं बोलणी करून घोडागाडीतून परतली, त्यांना आत सोडून रिकामी गाडी बाहेर जायला म्हणून वेस उघडली, आणि बाहेर टपलेले हायलँडर आत घुसले. लढाई नाही, काही नाही. बंड मोडल्यावर लंडनच्या सरकारने शहराच्या प्रोव्होस्टला, म्हणजे नगराध्यक्षाला धरलं. नाव आर्चिबाल्ड स्ट्युअर्ट. आडनावही नेमकं बंडखोराचंच! तट पडके, शिपाई थोडे, जमवलेले स्वयंसेवक आयत्या वेळी पांगलेले, तरी आरोप असा की तू कर्तव्यात मुद्दाम कसूर केलीस. 1747 मध्ये खटला चालला आणि ज्यूरीने त्याला निर्दोष सोडलं. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने त्याच्या बाजूने एक पुस्तिकाच लिहिली. स्ट्युअर्टला ज्यूरी मिळाली, खोपड्यांना मिळाला फक्त एक जावई. पण प्रश्न तोच : फौज वेशीत असताना गावच्या अधिकाऱ्याने नेमकं काय करायचं असतं?

आमच्या भागाने हा प्रश्न चार वर्षं रोज सोसला. 1695 ते 1699 औरंगजेबाची छावणी भीमेकाठी ब्रह्मपुरीला, मंगळवेढ्याजवळ माचणूरला होती. दिल्लीच्या बादशहाचा तळ आणि चंद्रभागेचं वाळवंट, मध्ये जेमतेम दिवसाची मजल. दिवसा मोगलांचा अंमलदार वसुली मागणार, रात्री मराठ्यांचा स्वार चौथाई. पाटलाने एकाला दिलं की तो दुसऱ्याचा फितूर. त्याच दिवसांत पंढरपूरच्या विठ्ठलाची मूर्ती देगावच्या पाटलाने लपवून सांभाळली, अशी परंपरा आहे. बादशाही दप्तराच्या नजरेने हा पाटील काय ठरला असता, ते सांगायला नको. आषाढीला जाणारा वारकरी त्याला हात जोडतो.

तर माझ्या ओसरीवरचे ते गृहस्थ. मी त्यांना विचारलं, ‘‘फितव्यात सामील, पण कुणाच्या विरुद्ध, ते माहीत आहे का?’’ ते गप्प. कागदाचा वरचा कोपरा कसरीने खाल्लेला, तारीख गेलेली, कुणाच्या दरबारात तक्रार होती तो शिक्काही गेलेला. खालच्या बाजूला ‘मर्यादेयं विराजते’ एवढा लेखनसीमेचा, म्हणजे मजकूर संपल्याचा ठसा शिल्लक. तक्रार करणारा मात्र ओळखता येत होता. त्याच पाटलाचा चुलतभाऊ. वतन स्वतःच्या नावे करून मागत होता.

‘‘म्हणजे भाऊबंदकी,’’ गृहस्थ म्हणाले. त्यांचा चेहरा जरा सैल झाला. मुलाला त्यांनी आत बोलावलं आणि मीच ती ओळ मोठ्याने वाचली. मुलगा हसला. ‘‘आबा, आपण तेव्हापासूनच का?’’ एवढंच म्हणाला. कुठल्याशा निवडणुकीत या आबांनी पॅनेल बदललं होतं, हे मला नंतर चहाच्या गाड्यावर कळलं.

त्यांना हवी ती नोंद त्या रुमालात नव्हती. ती नंतर दुसऱ्याच ठिकाणी मिळाली. पण रुमाल घेऊन जाताना त्यांनी ते पान बाजूला काढलं होतं, ते मी परत आत ठेवायला लावलं. आता ते कुठं आहे, मला माहीत नाही.

म्हणून एक विनंती. घरात मोडीचा रुमाल असेल तर तो पुरता आणा. कागद लॅमिनेट करू नका, त्याने शाई आणि कागद दोन्हीची वाट लागते. सेलोटेप लावू नका. आणि कुणी वाचून दाखवलेलं आवडलं नाही, म्हणून मधलं एक पान घरी ठेवून येऊ नका.