टाकीत साखर पडली तर? घाबरू नका; पण चावीही फिरवू नका

उरण, प्रतिनिधी

मोरा बंदरातून लाँचने भाऊच्या धक्क्याला जाणारे प्रवासी आपली वाहने बंदराजवळ उभी करून मुंबई गाठतात. जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत लोकल आली, अटल सेतूही खुला झाला. तरी जलमार्गाचा हा प्रघात मोडलेला नाही. सकाळी लावलेल्या गाडीकडे संध्याकाळपर्यंत कोणाचे लक्ष नसते. परतल्यावर पेट्रोलच्या झाकणाभोवती पांढरे दाणे सांडलेले दिसले, तर मालकाच्या मनात पहिला विचार येतो तो म्हणजे 'इंजिन गेले!' पार्किंगवरून झालेली भांडणे आणि सोसायटीतील हेवेदावे यांमुळे हा प्रश्न केवळ बंदरापुरता उरत नाही. मात्र साखरेने इंजिन कायमचे निकामी होते, ही समजूत बऱ्याच अंशी चुकीची आहे. खरा धोका निराळा आहे आणि तो वेळीच ओळखल्यास मोठा खर्च टळू शकतो.

पेट्रोलमध्ये पाक होत नाही

साखर पेट्रोलमध्ये विरघळते, मग सिलिंडरमध्ये जाऊन तिचा चिकट पाक होतो आणि पिस्टन जागीच अडकतो, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात चहात क्षणार्धात विरघळणारी साखर खोबरेल तेलात टाकली तर तळाशी तशीच पडून राहते. पेट्रोलचेही तसेच आहे. साखरेचे रेणू पाण्याशी सहज जुळतात. पेट्रोल आणि डिझेल बनते ते हायड्रोकार्बनचे, त्यांच्याशी साखरेचे सख्य नाही.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील न्यायवैद्यक विज्ञानाचे प्राध्यापक जॉन थॉर्न्टन यांनी १९९४ मध्ये याची चाचणी घेतली. त्यांनी किरणोत्सारी कार्बनची खूण असलेली साखर पेट्रोलमध्ये मिसळली, न विरघळलेले दाणे यंत्राने वेगळे काढले आणि उरलेल्या पेट्रोलमधील किरणोत्सार मोजला. १५ गॅलन, म्हणजे सुमारे ५७ लिटर पेट्रोलमध्ये एक छोटा चमचाभर साखरही विरघळत नाही, असा निष्कर्ष निघाला. मध्यम आकाराच्या मोटारीची पूर्ण टाकीही साधारणत: याहून लहानच असते.

मग बिघाड कोठे होतो?

साखर पेट्रोलच्या दुपटीहून अधिक जड असल्याने ती थेट तळाशी बसते. आजच्या मोटारींत इंधनाचा विजेवर चालणारा पंप टाकीतच, तळाजवळ बसविलेला असतो. त्याच्या तोंडाशी बारीक जाळी असते आणि पुढे फिल्टर. दाणे या जाळीवर साचले की पंपाला पुरेसे पेट्रोल मिळत नाही. गाडी झटके घेते, चढावर दम तोडते आणि अखेर बंद पडते. या पंपाला थंड ठेवण्याचे आणि वंगण पुरविण्याचे काम पेट्रोलच करीत असल्याने तो उपाशी चालत राहिल्यास जळण्याची शक्यता असते. थोडक्यात, साखरेने केलेला घात इंजिनापर्यंत पोहोचण्याआधी पंप आणि फिल्टर यांच्यावरच बेततो. बारीक वाळू किंवा माती पडली तरी हेच घडते. पिठीसाखर मात्र अधिक बारीक असल्याने जाळीतून पुढे सरकून फिल्टर लवकर तुंबवू शकते.

पाणी असेल तर गणित बदलते

टाकीच्या तळाशी पाणी साचलेले असेल, तर साखर त्यात विरघळते. असा पाक फिल्टरला अडवता येत नाही. तो इंजेक्टरपर्यंत जाऊन तेथे थर धरू शकतो. इथे इथेनॉलचा संबंध येतो. सध्या देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले जाते. ज्या उसापासून साखर होते, त्याच उसापासून हे इथेनॉलही मोठ्या प्रमाणावर तयार होते. पण म्हणून त्यात साखर विरघळते असे नाही. शुद्ध इथेनॉलमध्येही ती नगण्यच विरघळते. मात्र इथेनॉल पाणी शोषून घेते आणि पाण्याचे प्रमाण मर्यादेपलीकडे गेले की पाणी व इथेनॉल एकत्र येऊन पेट्रोलपासून वेगळे होतात व तळाशी उतरतात. साखरही तेथेच असते. समुद्रकाठच्या दमट हवेत, त्यातही पावसाळ्यात, झाकणाचे रबर झिजलेले असेल तर ही शक्यता वाढते.

भेसळ आणि घातपात

इंधनातील प्रत्येक बिघाडामागे साखर नसते. किंबहुना पाणी आणि कचरा यांचाच संशय आधी घ्यायला हवा. पेट्रोलपंपावर ग्राहकाला फिल्टर पेपरची चाचणी, घनतेची तपासणी आणि ५ लिटरच्या प्रमाणित मापाने मोजणी मागता येते. रॉकेलसारखी भेसळ पेट्रोल-डिझेलमध्ये पूर्ण मिसळून जाते, तळाशी बसत नाही; त्यामुळेच ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही आणि तिचा धंदा फोफावतो. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ तेलमाफियांनी अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळले, तेव्हा या धंद्याचे क्रौर्य महाराष्ट्राने पाहिले. त्या तुलनेत साखर हा ओबडधोबड खोडसाळपणा आहे. ती आपला पुरावा टाकीच्या तळाशीच ठेवून जाते.

संशय आल्यास काय करावे?

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गाडी सुरू करून पाहू नये. अनेक मोटारींत चावी पहिल्या टप्प्यावर फिरविताच इंजिन सुरू होण्यापूर्वी काही क्षण पंप चालतो आणि तळाची साखर जाळीकडे ओढली जाते. म्हणून चावीला हात न लावता गाडी टोइंग करून गॅरेजमध्ये न्यावी.

तेथे मेकॅनिक पेट्रोल काढून घेतो, टाकी उतरवतो आणि जाळी, फिल्टर व पंप तपासतो. साखर पेट्रोलने धुऊन जात नाही. त्यामुळे उतरवलेली टाकी गरम पाण्याने धुवावी लागते आणि पाण्याचा थेंबही राहणार नाही अशी पूर्ण वाळवावी लागते. नाहीतर एक बिघाड काढताना दुसरा आत शिरतो. जाळी आणि फिल्टर नवे बसवावेत. गाडी चालविली गेली असेल तर इंधनाचा दाब मोजावा आणि इंजेक्टर तपासून घ्यावेत. इंजिन खोलण्याचा सल्ला लगेच मिळाल्यास मात्र त्याचे कारण विचारावे. बहुतेक वेळा त्याची गरज नसते.

टाकी घरी रिकामी करण्याचा प्रयत्न जिवावर बेतू शकतो. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते आणि विजेच्या बटणाच्या ठिणगीनेही पेट घेते. तोंडाने नळी ओढणे तर त्याहून घातक. काढलेले पेट्रोल गटारात किंवा खाडीत सोडू नये. ते गॅरेजकडेच सोपवावे.

तक्रार आणि विमा

सांडलेले दाणे, झाकण आणि वाहनाची जागा यांची छायाचित्रे दाणे पुसण्यापूर्वी काढावीत. मेकॅनिककडून टाकीतील नमुना व लेखी अहवाल घ्यावा आणि पोलिसांत तक्रार नोंदवावी. मोरा बंदर परिसर नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या मोरा सागरी पोलीस ठाण्याच्या हद्दीत येतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ नुसार दुसऱ्याच्या मालमत्तेचे हेतुत: नुकसान करणे हा गुन्हा आहे. नुकसान २० हजार ते १ लाख रुपयांच्या दरम्यान असेल तर २ वर्षांपर्यंत आणि १ लाख किंवा त्याहून अधिक असेल तर ५ वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

वाहनाच्या सर्वसमावेशक विम्यात दुष्ट हेतूने केलेल्या नुकसानीला संरक्षण असते. केवळ तृतीय पक्ष विमा असल्यास ते मिळत नाही. दुरुस्तीपूर्वी वाहन चालविल्यास वाढलेल्या नुकसानीची जबाबदारी मालकाची, अशी अटही पॉलिसीत असते. 'गॅरेजपर्यंत चालवत नेली' हे एक वाक्य दाव्याला अडचणीत आणू शकते.

नव्या मोटारींच्या टाकीचे झाकण बहुधा दारांच्या कुलपाशी जोडलेले असते. जुन्या गाड्यांना कुलपाचे झाकण बसविणे हा स्वस्तातला उपाय आहे. लाँच पकडण्याच्या घाईतही झाकण लागले आहे ना, एवढे पाहायला फारसा वेळ लागत नाही.