भरतीच्या घड्याळावर चालणारी वेल

अझोर्स बेटांच्या नैर्ऋत्येला, अटलांटिकच्या तळाशी सुमारे 1,700 मीटर खोल ‘लकी स्ट्राइक’ नावाचं क्षेत्र आहे. तिथल्या खडकांच्या धुराड्यांतून तीनशे अंशांहून गरम, गंधकयुक्त पाणी उसळतं आणि चार-पाच अंशांच्या समुद्रात मिसळतं. सूर्यप्रकाश त्याच्या कितीतरी वर संपलेला असतो, त्यामुळे वनस्पती तिथे नाही. तरी मी तिथे एक वेल लावली आहे, कल्पनेतली. तिचं नाव गंधकवेल. अट एकच घातली: ती जे काम करेल, ते समुद्रातला कुठलातरी खरा जीव आधीपासून करत असला पाहिजे.

पहाटे 5:10. वेळ वरच्या जहाजावरच्या घड्याळाची. खाली प्रवाह फिरतो आणि धुराड्याचा लोट वेलीच्या अंगावर येतो. इथेच तिचा दिवस उजाडतो. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात याच क्षेत्रातल्या शिनाण्यांची शिंपं उघडण्या-मिटण्याची लय तपासली, तेव्हा ती सूर्याची नव्हे, भरती-ओहोटीची निघाली, साधारण 12 तास 25 मिनिटांची. इतक्या अंधारात चंद्र दिवस ठरवतो! तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढणाऱ्या कोकणातल्या माणसाला हे वेळापत्रक समजावून सांगावं लागणार नाही.

6:00. मुळं भेगांतून झिरपणारं कोमट पाणी शोषू लागतात. भुईमुगाच्या मुळांवर असतात तशा गाठी इथेही आहेत. त्यांतले जिवाणू हायड्रोजन सल्फाइडमधून ऊर्जा काढतात आणि कर्बवायूपासून साखर बनवतात. 1977 मध्ये गॅलापागोसजवळ उष्ण झऱ्यांवरची जीवसृष्टी प्रथम डोळ्यांनी दिसली. तिथले लांबलचक नळीकृमी असंच जगतात, त्यांना तोंडही नाही आणि आतडंही नाही.

मात्र सल्फाइड जाळायला प्राणवायू लागतो आणि लोटाच्या पाण्यात तोच कमी. दोन्ही एकत्र साठवले तर ते आपसांतच विक्रिया करून वाया जातात. नळीकृमींच्या रक्तातलं हिमोग्लोबिन दोघांना वेगवेगळ्या जागी धरून ठेवतं. म्हणून माझ्या वेलीच्या रसातही हिमोग्लोबिन आहे आणि तिची पानं लालभडक आहेत. हिरव्या रंगाचा इथे उपयोग काय? हा लाल रंग मला फार प्रिय आहे, पाणबुडीचा दिवा पडेपर्यंत तो कुणाला दिसणार नसला तरी.

11:20. प्रवाह उलटतो, लोट पलीकडे झुकतो. आता थंड, स्वच्छ पाणी येतं आणि पानं पूर्ण पसरतात. खरी कमाई याच पाळीत होते. सकाळी साठवलेलं सल्फाइड आणि आत्ता मिळालेला प्राणवायू गाठींपर्यंत पोहोचतात. हा प्राणवायू तळाशी तयार झालेला नाही. वर उन्हात वनस्पती आणि शैवालं तो बनवतात, आणि उत्तर अटलांटिकच्या थंड टोकाला बुडालेलं पाणी तो इथवर आणतं. सूर्य न पाहिलेली ही वेल त्याच्याच देण्यावर जगते.

दुपारी खेकडे येतात, पानांच्या कडा कुरतडतात, जातात.

17:35. पुन्हा लोट, पुन्हा मुळांची पाळी. धुराड्याच्या तोंडाशी उष्णतेमुळे अगदी मंद उजेड असतो. पॅसिफिकमधल्या अशाच एका जागेवरून आणलेला, तेवढ्या उजेडावर जगू शकणारा जिवाणू 2005 मध्ये जगापुढे आला. वेलीलाही हा उजेड द्यावा असा मोह झाला होता. पण त्यावर एका जिवाणूचं भागेल, वेलीचं नाही.

23:45. प्रवाह क्षेत्राबाहेर वाहू लागला की बीजाणू सुटतात. वारा नाही, मधमाशी नाही. ‘मेनेझ ग्वेन’ हे उष्ण झऱ्यांचं शेजारचं क्षेत्र सुमारे 850 मीटर खोलीवर आहे, म्हणजे तिथला दाब इथल्या निम्मा. ‘रेनबो’ हे दुसरं क्षेत्र 2,300 मीटर खोलीवर. बहुतेक बीजाणू वाटेतल्या उजाड, थंड तळावर पडून मरतील. एखादा कोमट भेगेपाशी अडकला, तर तिथलेच जिवाणू गोळा करून तो पहिली गाठ धरेल.