बाबाघोरीचा दगड

पैठणला गोदावरीच्या वाळूत सापडलेली एक गारगोटी लहानपणापासून माझ्यापाशी आहे. ओली केली की तिच्यात करड्या-तांबूस रेषा एकीत एक उमटतात. पुढे ‘पेरिप्लस’ वाचताना थबकलो. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला त्याचा लेखक, एक ग्रीक भाषक व्यापारी, पैठणच्या पट्टेदार दगडांची नोंद करतो. गाड्या भरभरून, रस्ते नसलेल्या मुलखातून, हा माल भडोचला उतरत असे. वाट वीस दिवसांची. त्या गाड्यांच्या मागे लागून मी भडोचजवळच्या रतनपूरपर्यंत पोचलो.

आपला काळा पाषाण, बेसॉल्ट, म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत सिलिकायुक्त पाणी झिरपले आणि थरावर थर बसून अकीक झाला. बेसॉल्ट झिजला, अकीक टिकला. नद्यांनी वाहून आणलेले हे गोटे रतनपूरला लोहयुक्त खडकात अडकले. भूशास्त्रज्ञ त्या थरांना ‘बाबागुरू’ म्हणतात. हे नाव टेकडीवरच्या बाबा घोरच्या दर्ग्याकडे बोट दाखवते, आणि एका पट्टेदार अकिकालाही ‘बाबाघोरी’च म्हणतात.

बाबा घोर हबशी. आफ्रिकी वंशाचे इथले सिद्दी सांगतात, तो इथल्या माखनदेवी राक्षसिणीचा नाश करायला आला. त्याला ते जमले नाही, त्याच्या भावालाही नाही. शेवटी बहीण माई मिश्राने तिला नमवले. अकिकाच्या धंद्याचा आरंभही लोक बाबाशीच जोडतात. मला ही निव्वळ चमत्कारकथा वाटत नाही. इथल्या अकिकाचे खंभातला घडलेले मणी शतकानुशतके आफ्रिकेच्या किनाऱ्यावर विकले गेले. त्या व्यापारातली आफ्रिकेची बाजू इथल्या लोकांनी पीर म्हणून मनात जपली.

कारागिरी पाहिली की ही भक्ती समजते. दगड आधी उन्हात वाळवतात, मग मडक्यांत घालून शेणाच्या मंद आचेवर तापवतात. घाई केली तर तडकतो. आचेने त्यातल्या लोहाचे रूप पालटते आणि पिवळट गोटा लाल होतो. सोळाव्या शतकात पोर्तुगीज दुआर्ते बार्बोसाने शेजारच्या लिमोदऱ्याची अशी भाजणी नोंदली आहे. मग कारागीर जमिनीत तिरप्या रोवलेल्या लोखंडी सळईच्या टोकाला दगड टेकवतो आणि शिंगाच्या डोक्याची हातोडी वरून हाणतो. कपची उडते ती हातोडीखालून नव्हे, सळईला टेकलेल्या बाजूने. पुढे घासताना उडणारी धूळ मात्र फुप्फुसात बसते; सिलिकोसिसने या धंद्यातली कितीतरी माणसे नेली आहेत. अकिकाच्या कौतुकात हे सांगायचे राहून जाऊ नये.

पैठणला अकिकाची आठवण सांगणारी एकही कथा मला सापडली नाही. दगड आमच्या नदीतला, गाड्या आमच्या, पण नोंद परक्या व्यापाऱ्याची. रतनपूरच्या लोकांनी दूरदेशीच्या माणसाचे नाव दगडाला दिले आणि दर वेळी टेकडी चढताना घेतले. माझ्या गारगोटीला मीही आता बाबाघोरीच म्हणतो.