मोटारीच्या कमानी घरीं बदलतांना

मोटारीच्या कमानी हा विषय व्याख्यानासाठीं घ्यावा इतका मनोरंजक आहे, असें प्रथमदर्शनीं कोणासही वाटणार नाहीं. एंजिनाच्या शक्तीविषयीं हौसेनें बोलणारे लोक ठिकठिकाणीं आढळतात. कमानींची आठवण मात्र चाक खड्ड्यांत आदळून पाठीचा मणका दुखावला म्हणजेच व्हावयाची! तरी आज हाच विषय मीं घेतला आहे. ज्यांना एसयूव्ही म्हणतात त्या उंच व दणकट गाड्यांचे कित्येक मालक मूळच्या कमानी काढून त्या जागीं बाजारांत मिळणाऱ्या दुसऱ्या कमानी बसवितात, आणि त्यांतले कांहीं हें काम गॅरेजांत न नेतां स्वतःच्या अंगणांतच करूं पाहतात. मीं स्वतः तें केलें आहे. त्यांत मला काय समजलें आणि माझें कोठें चुकलें, तें आपणांस सांगण्याचा विचार आहे.

माझी गाडी म्हणजे मारुती जिप्सी. १९८५ सालच्या अखेरीस ही गाडी भारतांत निघाली. लष्करांत, पोलीसखात्यांत आणि डोंगराळ मुलखांत तिनें मोठें नांव मिळविलें, आणि २०१९ पर्यंत ती सामान्य गिऱ्हाइकास नवी मिळत असे. तिची घडण जुन्या पद्धतीची आहे. पुढचीं दोन चाकें एका अखंड आंसाच्या दोन टोकांना, मागचीं दोन दुसऱ्या आंसाच्या टोकांना, आणि प्रत्येक चाकाजवळ पोलादी पट्ट्यांची एक कमान. टांग्याखालची कमान ज्यांनीं पाहिली आहे त्यांना निराळें चित्र काढून दाखवावयास नको. एकीखालीं एक अशा रचलेल्या, खालीं खालीं आंखूड होत जाणाऱ्या या पट्ट्यांना आमच्याकडचे मिस्त्री 'पाटे' म्हणतात, आणि मीही तोच शब्द वापरणार आहें.

वीस वर्षें घाटांतून चढउतार केल्यावर माझ्या गाडीचे पाटे बसले होते. हें डोळ्यांनीं कळत नाहीं, मोजावें लागतें. गाडी सपाट जागीं उभी करून चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचें अंतर चारही बाजूंस घेतलें. चालकाच्या बाजूस गाडी डावीपेक्षां दोन सेंटीमीटर खालीं होती, आणि मागचा भाग तर पुढच्याहून पुष्कळच बसला होता. हे चार आंकडे मीं दाराच्या आंतल्या बाजूस खडूनें लिहून ठेवले. काम करूं इच्छिणारानें पहिली गोष्ट हीच करावी. नाहींतर नव्या कमानींनीं काय केलें हें त्याला कधींच समजणार नाहीं.

माझा भाचा मदतीला होता. तो म्हणाला, "मामा, सगळें काढतोंच आहों, तर गाडी दोन इंच उंच करूनच टाका. हल्लीं सगळेच करतात."

"तुला उंची हवी आहे कीं गाडी नीट चालायला हवी आहे?" मीं विचारलें.

"दोन्ही!" तो म्हणाला.

या एका शब्दापाशींच पुष्कळांची फसगत होते, म्हणून येथें थोडा थांबतों.

ताण जितका, वांक तितका, हा स्थितिस्थापकतेचा नियम रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञानें १६७८ मध्यें प्रसिद्ध केला. गाडीचें वजन कमानीवर आलें म्हणजे कमान कांहीं अंतर दबते. या दबण्याच्या अंतरावरूनच गाडी कशी हेलकावेल तें ठरतें. कमान पंचवीस सेंटीमीटर दबत असेल तर गाडी सेकंदास एक या गतीनें वरखालीं होईल. अकरा सेंटीमीटर दबत असेल तर सुमारें दीड वेळां. आणि अवघी सव्वासहा सेंटीमीटर दबत असेल तर दोन वेळां. माणसाच्या शरीरास सेकंदास एक ते दीड हा हेलकावा सोसतो. त्याहून जलद झाला कीं प्रवासी हाडें मोजूं लागतो. आतां गाडी उंच करण्याचा स्वस्त उपाय कोणता? जुन्या कमानींत आणखी एक पाटा घालणें, किंवा जाड पाट्याची कमान बसविणें. परंतु पाट्याची जाडी दुप्पट केली तर त्याचा ताठरपणा दुप्पट होत नाहीं, आठपट होतो. उंची मिळते, पण दबण्याचें अंतर जातें. आणि रिकामी गाडी लहानशा दगडावरूनही उडूं लागते. ज्याच्या गाडींत नेहमीं दोनच माणसें बसतात, त्यानें पांच क्विंटल ओझ्याची कमान घेऊन काय साधावें?

दुसरा घटक म्हणजे शॉक अब्सॉर्बर. हें नांव ज्यानें ठेवलें त्यानें मोठाच घोंटाळा करून ठेवला आहे. धक्का खातें तें काम कमानीचें. ही तेलानें भरलेली नळी धक्का खात नाहीं. धक्क्यानंतर कमान जी झोके घेत राहते, ते झोके ती थांबविते. आंतलें तेल बारीक छिद्रांतून ढकललें जातें, त्यास विरोध होतो, आणि झोक्याची शक्ति उष्णतेच्या रूपानें निघून जाते. लांबच्या खडबडीत प्रवासानंतर या नळीस हात लावून पाहा, चटका बसेल.

येथें एक गमतीची गोष्ट आहे. जुन्या पद्धतीच्या कमानींत सहासात पाटे एकमेकांवर घांसत असतात. हें घर्षण गाडीस लहान धक्क्यांत ताठर करतें, हा दोष खरा. पण तेंच घर्षण झोकेही मारतें. मीं घेतलेल्या नव्या कमानी निराळ्या जातीच्या होत्या. त्यांत पाटे थोडे. प्रत्येक पाटा मध्यें जाड आणि टोकांकडे पातळ होत गेलेला. मध्य आणि टोकें सोडलीं तर ते एकमेकांना स्पर्शच करीत नाहींत. त्यामुळें चाल फार मऊ होते. परंतु घर्षण गेलें म्हणजे झोके मारण्याचें सगळें काम त्या तेलाच्या नळीवर पडतें. कमानी नव्या आणि नळ्या जुन्याच ठेवल्या, तर गाडी होडीसारखी डोलत राहील. दोन्ही एकमेकांस जुळतील अशाच घ्याव्या. यांत काटकसर करूं नये.

आतां भाच्याच्या दोन इंचांकडे वळतों. मीं त्याला कागदावर एक हिशेब करून दाखविला. समजा, डाव्याउजव्या चाकांतलें अंतर १३० सेंटीमीटर आहे आणि गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ६५ सेंटीमीटरांवर आहे. कमानींचें डोलणें बाजूस ठेवलें, तर अशी गाडी ४५ अंश कलेपर्यंत उलटणार नाहीं. तोच गुरुत्वमध्य पांच सेंटीमीटर वर नेला कीं ही मर्यादा ४३ अंशांवर येते. दोन अंश म्हणजे काय मोठेंसें, असें आपणांस वाटेल. पण घाटाच्या वळणावर, समोरून ट्रक आल्यामुळें चाक एकाएकीं वळवावें लागलें म्हणजे त्या दोन अंशांची किंमत कळते. शिवाय गाडी उंच केली कीं ब्रेकच्या रबरी नळ्या ताणल्या जातात, मागच्या आंसाकडे जाणाऱ्या फिरत्या दांड्याचा कोन बदलतो, आणि स्टिअरिंगपासून आंसाकडे जाणारा दांडाही तिरपा होतो. मूळ कारागिरानें एकमेकांशीं जुळविलेल्या इतक्या गोष्टी एका हौसेसाठीं बिघडतात.

आणि कायदाही आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम सांगतें कीं, नोंदणीपत्रांतला तपशील उत्पादकानें मुळांत दिलेल्या तपशिलाहून भिन्न होईल असा फेरबदल मालकानें करूं नये. आणि जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें या कलमाचा अर्थ कडकपणेंच लाविला. झिजलेला भाग काढून त्याच मापाचा नवा घालणें निराळें, आणि गाडीचें रूप पालटणें निराळें. मीं गाडी मूळच्या उंचीला आणून सोडावयाची असें ठरविलें. भाचा हिरमुसला, पण पाना मात्र त्यानें खालीं ठेवला नाहीं.

प्रत्यक्ष कामाचें वर्णन करतांना प्रथम माझी चूक सांगतों. आमच्या अंगणांत वाळूवर बसविलेले फरशीचे ठोकळे आहेत. मागचें चाक काढण्यासाठीं मीं गाडी जॅकवर उचलली, चाक काढलें, आणि घोड्या, म्हणजे ज्यांवर गाडी टेकवून ठेवावयाची ते लोखंडी तिपाई, त्या आणण्यास घरांत गेलों. दोनच मिनिटांचें काम! भाचा खालीं शिरून नट पाहणार, तोंच घरांतून चहाची हांक आली आणि तो उठला. आम्ही ओट्यावर पोहोंचलों नाहीं तोंच मागें आवाज झाला. जॅकखालचा ठोकळा एका अंगास खचला होता, जॅक कलंडला होता आणि गाडी खालीं आली होती. काढलेलें चाक मीं संवयीनें गाडीच्या सांगाड्याखालीं सरकवून ठेवलें होतें, त्यावर ती टेकली. तें चाक तेथें नसतें आणि चहा उशिरा झाला असता, तर काय झालें असतें याचा विचार मी आजही करूं शकत नाहीं.

म्हणून, श्रोतेहो, जॅक हें उचलण्याचें साधन आहे, आधार नव्हे. जमीन कठीण व सपाट असावी. ती तशी नसेल तर जाड फळी किंवा पोलादी पत्रा खालीं घ्यावा. जमिनीवर राहिलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनीं पाचरा माराव्या. सांगाड्याखालीं दोन घोड्या द्याव्या, मग गाडीस जोरानें हलवून पाहावें, आणि ती ढिम्म राहिली तरच अंग खालीं घालावें. आम्ही तें काम त्या दिवशीं तेथेंच थांबविलें आणि दुसऱ्या दिवशीं शेजाऱ्यांच्या सिमेंटच्या ओसरीवर गाडी नेली.

पुढचें काम मेहनतीचें असलें तरी गहन नाहीं. सांगाडा घोड्यांवर आणि आंस जॅकवर तोलून धरावा. आधीं तेलाची नळी सुटी करावी, मग आंस व कमान यांस आंवळून धरणारे इंग्रजी यू आकाराचे बोल्ट काढावे, आणि आंस हळूहळू खालीं घेऊन कमानीवरचा ताण नाहींसा झाल्यावर तिच्या दोन टोकांचे बोल्ट काढावे. आंस खालीं येतांना ब्रेकची रबरी नळी ताणली जात नाहीं ना, इकडे एकानें डोळा ठेवावा. खरा झगडा त्या टोकांच्या बोल्टांशीं असतो. कोंकणांतल्या पावसांत हिंडलेल्या गाडीचे बोल्ट आंतल्या नळकांड्यांत गंजून एकजीव झालेले असतात. परदेशांतून आलेल्या सूचनापुस्तिकेंत यासाठीं एक ओळ आहे. मला त्या एका ओळीला सबंध दुपार लागली. आदल्या रात्रीं गंज सोडविणारें तेल सोडून ठेवावें, आणि तरीही न सुटल्यास तो बोल्ट करवतीनें कापण्याची तयारी ठेवावी. हातोड्यानें ठोकून त्याची दाढ मोडण्यापेक्षां तें बरें.

नवी कमान चढवितांना तिच्या मध्यावरील खिळ्याचें डोकें आंसावरच्या भोंकांत बरोबर बसलें पाहिजे. तें तिरपें राहिलें तर आंसही तिरपा राहील आणि गाडी खेंकड्यासारखी चालेल. यू बोल्ट नवेच घ्यावे, कारण एकदां आंवळून ताणलेला बोल्ट पुन्हां तशीच पकड देईल याचा भरंवसा नसतो. त्यांचे चार नट आळीपाळीनें, समोरासमोर, थोडे थोडे आंवळावे, आणि शेवटचा पीळ टॉर्क पान्यानें, पुस्तकांत दिलेल्या मापाइतकाच द्यावा.

एक गोष्ट मात्र हौशी मंडळी हटकून चुकतात. कमानीच्या टोकांना रबरी बुश असतात. आंस लोंबकळत असतांनाच टोकांचे बोल्ट घट्ट केले, तर रबर त्या स्थितींत पकडलें जातें. मग गाडी जमिनीवर आली कीं तें कायमचें पिळलेलें राहतें, चाल ताठर होते आणि थोड्याच दिवसांत रबर फाटतें. म्हणून ते बोल्ट प्रथम नुसते हातानें लावावे, चाकें चढवावीं, गाडी खालीं घ्यावी, चारदोन वेळां दाबून हलवावी, दहा पावलें पुढें मागें न्यावी, आणि गाडीचें सगळें वजन कमानींवर असतांनाच ते शेवटचे आंवळावे.

हें सर्व पाट्यांच्या कमानीविषयीं झालें. २०२० सालापासूनच्या थारसारख्या नव्या गाड्यांच्या पुढच्या चाकांस मळसूत्रासारखी गुंडाळलेली स्प्रिंग असते, आणि ती तेलाच्या नळीभोंवतीं दाबून बसविलेली असते. ती सुटी करावयाची तर आधीं आणखी दाबावी लागते. दहा सेंटीमीटर दाबलेल्या अशा एका स्प्रिंगमध्यें पन्नास किलोचें पोतें एक मीटरावरून पडावें इतकी शक्ति सहज साठलेली असते, आणि पकड निसटली तर ती सगळी एका क्षणांत, समोर जें असेल त्यावर, बाहेर पडते. एवढा एक भाग घरीं करूं नये. जोडलेली नळी व स्प्रिंग यांचा तयार संच घ्यावा, किंवा तेवढें काम यंत्र असलेल्या गॅरेजांतून करून आणावें. यांत कमीपणा नाहीं.

माझी गाडी तिसऱ्या दिवशीं संध्याकाळीं उभी राहिली. दाराच्या आंतले खडूचे आंकडे आणि नवे आंकडे ताडून पाहिले. डावें उजवें सारखें झालें होतें आणि मागचा भाग वर आला होता. चाकांची दिशा यंत्रावर तपासून घेतली. पांचशें किलोमीटर झाल्यावर सगळे नट पुन्हां पाहिले, तों यू बोल्टांचे दोन नट पाव फेरा फिरले. नवें लोखंड बसतांना असें होतेंच.

राहतां राहिले दिवे. गेलीं दोनतीन वर्षें रात्रीं घाट उतरतांना समोरचे गाडीवाले मला सारखे दिवे उघडझांप करून दाखवीत, आणि लोकांना रीतभात राहिली नाहीं असें मी मनांत म्हणत असें. नव्या कमानींनंतर पहिल्याच रात्रीं मीं गाडी भिंतीसमोर उभी केली, तेव्हां प्रकाशाची कड मला आठवत होती तिच्या वीतभर खालीं पडली होती. गाडीचें बूड इतकीं वर्षें बसलेलें होतें आणि तोंड वर. माझे दिवे सरळ त्या बिचाऱ्यांच्या डोळ्यांत जात होते. भाच्यानें मागून विचारलें, "मामा, दिवे खालीं आले आहेत, वर करायचे का?" मीं पुस्तकांतल्या मापाशीं ती कड ताडून पाहिली, आणि पेंचकस परत पेटींत ठेवला.